दोन्ही पाय उत्तम

आमची स्वारी केस कापते. म्हणजे दिवसभर उभं राहून लोकांची डोकी हलकी करते आणि माझं जड. रक्तातल्या साखरेने त्यांच्या पायांतली जाणीव केव्हाच गेली. खिळा रुतला तरी पत्ता लागत नाही. अशाच एका न कळलेल्या जखमेपायी उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. तेव्हापासून न्हाणीघराबाहेर दवाखान्याने दिलेली एक चटई असते. सकाळी तिच्यावर अनवाणी उभं राहायचं. ती तळपायांचं तापमान मोजते आणि दवाखान्याला कळवते. एक पाय दुसऱ्याहून गरम झाला, की आत काहीतरी शिजतंय असं समजायचं आणि जखम व्हायच्या आधीच पायाला आराम द्यायचा. स्वारी तिला 'चुगलखोर' म्हणते.

मागे एकदा तिने चुगली केली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना महिनाभर घरी बसवलं. निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. तेव्हापासून त्यांचा त्या चटईवर दात होता.

मी लॉन्ड्रीत इस्त्रीला असते, उजाडायच्या आत घर सोडते. म्हणून माझ्या वडिलांना बजावून ठेवलं होतं, "बाबा, हे चटईवर उभे राहतात ना, तेवढं बघा. टाळाटाळ करतील." आई गेल्यावर मीच त्यांना आमच्याकडे आणलं होतं.

"मी आहे ना," बाबा म्हणाले.

रोज कामावर मोबाइल वाजायचा : 'आजची नोंद मिळाली. दोन्ही पाय उत्तम.' घरात बाबा असल्याचं केवढं बळ वाटायचं मला!

परवा दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. "आकडे छान आहेत हो. पण चटईच्या चित्रात उजव्या पायाला पाचही बोटं दिसतात. तुमच्या मिस्टरांची करंगळी काढलीय ना?"

"काढलीय," मी म्हणाले. हातातली इस्त्री शर्टावर तशीच राहिली. घरात माणसं तीन. त्यांतले माझे पाय तर इथे टेबलाखाली होते.

तडक दुकान गाठलं. खुर्चीत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक.

"बूट काढा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत!"

मोजा तळव्याला चिकटला होता. तो सोडवल्यावर जे दिसलं त्याकडे स्वारी अशी बघत राहिली, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा आहे. वास सुटला तसं गिऱ्हाईक फेस पुसत उठून गेलं.

त्यांना दवाखान्यात दाखल करून घरी आले. बाबा दारातच उभे.

"चटईवर कोण उभं राहायचं, बाबा?"

"जावईबापूंनी गळच घातली गं. म्हणाले, पुन्हा घरी बसावं लागलं तर दुकान बुडेल. जखम झालीय हे मला कुठे माहीत? आणि त्यांच्या घरात राहतो मी. नाही कसं म्हणायचं?"

"त्यांच्या घरात? मग मी कोण इथली? भाडेकरू?"

नवऱ्याने फसवलं याचा संताप आला, पण नवऱ्याशी भांडता तरी येतं. केस कापायचा धंदा त्यांचा. केसाने गळा कापला तो बाबांनी. माझ्या बाबांनी.

"लग्नात म्हणाला होतात, काहीही होवो, मी तुझ्या पाठीशी उभा आहे. उभे राहिलात खरे. पण कुणाच्या पाठीशी?"

ते खाली बघत राहिले. मीही त्यांच्या पायांकडे बघितलं. बोटं सगळी शाबूत होती.

आज सकाळी स्वारीला ऑपरेशनसाठी आत नेलं. डॉक्टर म्हणाले, "पाय वाचतो का बघू. थोडं आधी आला असतात तर..." आत जाताना यांनी माझा हात धरला. मी धरू दिला, इतकंच.

मी बाहेरच्या बाकावर बसले होते. मोबाइल वाजला. वाटलं, बाबा असतील, चुकलं म्हणायला.

'आजची नोंद मिळाली. दोन्ही पाय उत्तम.'

घरी बाबा एकटेच होते.