दोन कानांचा कप

"आधी खरवडायचं. कपालाही आणि कानालाही. मग बोटानं पातळ माती लावायची, मग दाबायचं. आणि दाबताना श्वास रोखायचा नाही, कप काही पळून जात नाही."

साठ मुलं हसली. तिसरीचा वर्ग होता. लांबलचक टेबलांवर प्रत्येकासमोर मातीचा एकेक गोळा, आणि बाई टेबलांच्या मधून फिरत होत्या. "कपाला कान असतात, पण तो सांगितलेलं ऐकत नाही. तुम्ही तरी ऐका," त्या म्हणाल्या, तशी मुलं पुन्हा हसली. हा विनोद बाई सहा वर्षं करत होत्या, आणि तो एकदाही वाया गेला नव्हता.

ही शेड पूर्वी कपबशांच्या कारखान्याची होती. बाईंनी इथेच सत्तावीस वर्षं कपांना कान लावले. दुसरं कामच नाही. एका हातात कप, दुसऱ्या हातात कान. सगळा कारखाना त्यांना 'कानवाली' म्हणायचा. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, आणि उरलेल्या एका शेडला काचेचं दार बसवून तिथे मुलांसाठी मातीकामाचं केंद्र निघालं. शाळांच्या बसगाड्या येऊ लागल्या. मुलांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. बाईंना बोलावणं आलं तेव्हा त्या घरी येऊन रडल्या होत्या, आनंदानं.

शेवटच्या टेबलावर एक मुलगी खुर्चीत न बसता गुडघे टेकून काम करत होती. एका बोटाला पट्टी होती, ते बोट तिनं भिजू नये म्हणून सरळ वर धरलं होतं. तिच्या कपाला दोन्ही बाजूंनी कान होते.

"हे काय गं? दोन?"

"आजोबांचा हात हलतो," ती मान वर न करता म्हणाली. "एका कानानं सांडतं सगळं. आई त्यांना बाळाच्या बाटलीतनं द्यायला लागलीय. ते पीत नाहीत. तोंड फिरवतात."

बाईंनी कप उचलला, एक कान दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहिला. मग दुसरा. दोन्ही पक्के बसले होते. आतून जोड गुळगुळीत केला होता, एवढं तर त्यांनी शिकवलंही नव्हतं.

"हे सुटायचे नाहीत."

"नक्की?"

"अगं, सत्तावीस वर्षं हेच केलंय मी. नक्की."

"मग कधी मिळेल?"

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, तेच बाईंनी सांगितलं. "पंधरा दिवसांनी. भट्टीत भाजून, तुमच्या शाळेत."

बस गेली. बाईंनी टेबलांवरच्या साठ वस्तू ट्रेमध्ये गोळा केल्या आणि मागच्या बाजूला नेल्या. तिथे पाण्याचं मोठं पिंप होतं. गेली दोन वर्षं मुलांचं काहीच भट्टीत जात नव्हतं. मुलांच्या मातीत हवा राहते, भट्टीत ती फुटते आणि शेजारच्या विक्रीच्या मालाला तडे पाडते. म्हणून नव्या साहेबांनी तोडगा काढला होता. बाहेरून तयार वाट्या यायच्या, पांढऱ्या, निळ्या काठाच्या, सगळ्या एकसारख्या. त्या एकेका बंद खोक्यात घालून शाळेत जायच्या, खोकं उघडायचं घरी. खोक्यावर चिठ्ठी असायची: 'हे मी माझ्या हातांनी बनवलं.' आणि मुलांनी बनवलेलं बाई संध्याकाळी पिंपात टाकायच्या, मळायच्या, आणि पुन्हा गोळे करून ठेवायच्या. तीच माती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेला. हे करताना बाई आताशा ट्रेकडे बघत नसत. हातांना काम ठाऊक होतं.

त्या दिवशी मात्र त्यांनी दोन कानांचा कप बाजूच्या फळीवर ठेवला.

"साहेब, एवढा एक भट्टीत घालू? आत हवा नाही. मी बघितलाय."

साहेब वाईट माणूस नव्हता. आवाज चढवत नसे, बाईंना मावशी म्हणे. "मावशी, एकीचा भाजला तर बाकीच्या एकोणसाठ जणांनी काय घोडं मारलंय? वर्गात एकीकडे कप आणि बाकीच्यांकडे वाट्या. उद्या पालक येतील विचारायला."

"आजोबांसाठी केलाय हो पोरीनं."

"आजोबा सगळ्यांनाच असतात." त्यानं स्वतःच फळीवरून कप काढला आणि बाईंच्या हातात दिला. "आटपा आता. आणि हो, पुढच्या वर्षीच्या नोकरीच्या कागदावर सही राहिलीय तुमची. जाताना करून जा."

त्यानं दम दिला नव्हता. पण बाईंनी तो दम म्हणूनच घेतला. पिंपापाशी त्या जरा उभ्या राहिल्या. मग त्यांनी कप पाण्यात धरला आणि अंगठे दाबले. भिंत आत बसली, तळ निसटला. कान तेवढे धरून राहिले. ते त्यांना वेगळे चुरावे लागले.

रविवारी केंद्र सगळ्यांसाठी खुलं असे. तिसऱ्या रविवारी दुपारी काचेचं दार ढकलून ती मुलगी आत आली. बरोबर एक उंच, वाकलेला म्हातारा होता. त्याचा उजवा हात खिशात होता, आणि खिसा आतून सारखा हलत होता.

मुलीनं खोकं टेबलावर ठेवलं. "आजी, ही वाटी माझी नाही. चुकून दुसऱ्याची आलीय. माझा कप होता, दोन कानांचा."

साहेब काउंटरमागून हसत पुढे आला. "काय झालं बाळा? बाईंना विचारू या हं. बाई, काय झालं असेल?"

बाईंना वाटलं, आता सांगावं. चार शब्दांचं काम होतं. साहेब त्यांच्याकडे बघत होता, तसाच हसत.

"भट्टीत तडकला असेल गं," बाई म्हणाल्या.

"मग तुकडे कुठायत?"

"तुकडे... टाकून देतात."

"पण तुम्ही म्हणाला होतात, सुटायचे नाहीत. नक्की म्हणाला होतात." मुलीचा आवाज बारीक झाला. "मी नीट खरवडलं होतं. दोन्हीकडे. मी नीट नव्हतं का खरवडलं?"

बाईंनी आजोबांकडे पाहिलं. म्हातारा त्यांच्याकडेच बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. मग त्यानंच नजर खाली वळवली, कदाचित बाईंची लाज राखायला.

"थोडंसं कमी पडलं असेल," बाई म्हणाल्या. "होतं असं. लहान आहेस अजून."

मुलीनं मान डोलावली. पट्टीचं बोट आता बरं झालं होतं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, जणू चूक त्याचीच होती. मग नाक ओढून म्हणाली, "चला आजोबा." खोकं टेबलावरच राहिलं.

संध्याकाळी बाईंनी सुनेला सगळं सांगितलं. सून भाजी निवडत होती. "अहो आई, मुलं काय, चार दिवसांत विसरतात," ती म्हणाली.

"कप विसरेल गं. आपल्याला जमत नाही, हे नाही विसरायची. ते मी घातलंय तिच्या डोक्यात."

सुनेनं निवडता निवडता हात थांबवला. मग निवडलेलीच जुडी पुन्हा निवडायला घेतली.

मंगळवारी वेगळी शाळा आली, वेगळी साठ मुलं. बाईंनी कपाचा विनोद केला नाही. 'पंधरा दिवसांनी' हेही म्हणाल्या नाहीत. मुलं बसकडे निघाली तशी त्यांनी शाळेच्या शिक्षिकेला दाराशी गाठलं.

"मॅडम, एक सांगायचं होतं. हे भाजत नाहीत. मीच मोडते संध्याकाळी. तुमच्याकडे येतं ते बाहेरचं असतं."

शिक्षिका मुलं मोजत होती. चाळीसपर्यंत आलेली मोजणी मोडली म्हणून तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, माहितीय आम्हाला. आणि मुलांचं भाजून दिलंत तरी निम्मं बसमध्येच फुटतं, मग रडारड सांभाळा. पालकांना घरी काहीतरी दिसलं म्हणजे झालं." मग तिनं बाईंकडे जरा नीट पाहिलं. "तुम्ही नका एवढं मनावर घेऊ. एक, दोन, तीन... ए, रांगेत!"

बाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं, ओरडा होईल, चौकशी होईल, आपली नोकरी जाईल. तेवढी त्यांची तयारी होती. पण कुणाला कशाची पडलेलीच नव्हती.

शिक्षिकेनं जाता जाता साहेबाला म्हटलं असावं, बाई जरा थकल्यात. कारण दुसऱ्या दिवशी साहेबानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, आता वयही झालं. दिवसभर उभं राहायचं, साठ मुलांसमोर बोलायचं. मी शिकवायला एक नवीन मुलगी घेतलीय. तुम्ही इथेच राहायचंय, कुठे जायचं नाही. नळापाशी बसा. मुलांचे हात धुवून द्यायचे, पुसायचे. पगार तोच."

पगार तोच होता, म्हणून नाहीही म्हणता आलं नाही.

नवीन मुलगी चांगली होती. गाणं म्हणून शिकवायची, मुलं खूश असायची. फक्त खरवडायला सांगायची नाही. कान नुसते चिकटवून घ्यायची. नळापाशी स्टुलावर बसल्या बसल्या बाईंना लांबूनही दिसायचं, कुठला कान उद्यापर्यंत टिकणार नाही. टिकायची गरजही नव्हती.

एकदा एक मुलगा रांगेतून पुढे आला. त्याचे हात कोपरापर्यंत मातीनं माखले होते. बाईंनी ते नळाखाली धरले, नखांतली माती अंगठ्यानं काढायला लागल्या.

तो त्यांच्या हातांकडे बघत होता. "आजी, तुम्हाला येतं का असं काही बनवता?"

पाणी पांढुरकं होऊन वाहत होतं. बाईंनी त्याचा दुसरा हात ओढून घेतला.

"बोटं फाक," त्या म्हणाल्या. "मागे रांग आहे."