पहिले मूल

एर्मेकने सुनावणीच्या खोलीतला पडदा बाजूला सारला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला. नारीनमध्ये उन्हाला डोंगर ओलांडून यावे लागते. सकाळ झालेली असूनही गाव बराच वेळ निळसर सावलीत बसून असते. आधी समोरच्या शाळेचे पत्र्याचे छप्पर उजळले. मग ऊन, कुणाच्या परवानगीची वाट पाहत असल्यासारखे, भिंतीवरून हळूहळू खाली उतरले, रस्त्यातल्या गोठलेल्या डबक्यांवर थबकले आणि अखेर खिडकीच्या चौकटीवर येऊन टेकले. त्यात ऊब नव्हती. ते फक्त दाखवत होते: टेबलावरची धूळ, आणि भिंतीकडेच्या खुर्चीत एकट्या बसलेल्या जाझगुलचे सुईने टोचून खरखरीत झालेले हात. एर्मेकने पडदा पुन्हा ओढून घेतला.

"असू दे की उजेड," ती म्हणाली.

"डोळ्यांवर येतंय," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला.

तो तिच्या नवऱ्याचा वकील होता. तिला वकील नव्हता. घटस्फोटाबद्दल कुणाचीच तक्रार उरली नव्हती. वाद होता तो सहा वर्षांच्या बेगायिमचा. राजधानीत, बिश्केकच्या शिवणकारखान्यात काम मिळाल्यावर जाझगुलने तिथे खोली घेतली होती, आणि मुलीला ती बरोबर नेऊ पाहत होती.

जाझगुलचा नवरा चोरो आईच्या, बुरुल आपांच्या, मागोमाग आत आला. बुरुल आपांनी डोक्यावरचा पांढरा रुमाल नीट केला आणि सुनेच्या समोरचीच खुर्ची निवडली.

"काय गं, शिलाईच्या यंत्राला बांधून ठेवणार का माझ्या पोरीला?"

"आई, गप ना," चोरो पुटपुटला.

"तू गप. तुझ्या गप बसण्यापायीच इथवर आलो आपण."

न्यायाधीशबाई नुकत्याच राजधानीतून बदलून आल्या होत्या. त्यांनी जाझगुलला आधी बोलू दिले. तिने काही पाठ करून आणले असावे, पण दोन वाक्यांतच ते संपले.

"मी तिला दिली नाही, मॅडम," ती मग म्हणाली. "बाळंतपणाहून आले आणि सासूबाईंनी ती मांडीवर घेतली. पहिलं मूल त्यांचं. मला कुणी विचारलं नाही, मीही विचारायचं असतं हे मला कुठं ठाऊक होतं? त्यांच्यासमोर तिला कुशीत घेणं बरं दिसत नाही. तिचा पापा घ्यायला मी गोठ्यात जायचे."

"गाय साक्षीला आणायची होतीस मग," बुरुल आपा म्हणाल्या. चोरो नकळत हसला आणि लगेच मान खाली घालून बसला.

बाईंनी एर्मेककडे पाहिले.

"वकीलसाहेब, मुलगी आजीला आई म्हणते आणि आईला वहिनी. हे कशामुळे?"

उत्तर सोपे होते. ज्या मुलाला आजी आपले म्हणून वाढवते, त्याचा बाप त्याचा थोरला भाऊ होतो आणि जन्मदात्री वहिनी होते; त्यात मुलाच्या मायेचा प्रश्नच नसतो. या खोऱ्यातले शेंबडे पोरही हे सांगू शकले असते. एर्मेकने पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले.

"मुलीच्या मनात आईच्या जागी दुसरं कुणी आहे, मॅडम," तो म्हणाला. "लहान मुलं खोटं बोलत नाहीत."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याचे कान मात्र तापले.

"तुम्ही इथलेच ना?"

"हो. मीही आजोळी, आजीकडेच वाढलो. मला काही कमी पडलं नाही."

"आणि आईला काय म्हणता?"

"सोनुन ताई," तो हसून म्हणाला.

बाईही किंचित हसल्या, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतले. जाझगुलने तेव्हा प्रथमच त्याच्याकडे सरळ पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. मोठी झालेली आपली मुलगी अचानक समोर यावी आणि ओळख न दाखवता पुढे जावी, तसे ती त्याच्याकडे पाहत होती.

निकाल दुपारच्या आधीच लागला. बेगायिम वडिलांच्या घरी राहील. आईने सुट्टीत येऊन भेटावे.

अंगणात बुरुल आपांनी दोन्ही तळवे पसरून एर्मेकला आशीर्वाद दिला आणि ते स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवले.

"उगाच नाही तुला धरला. म्हटलं, आजीच्या मांडीवरचं पोर आहे, त्याला कळेल. रविवारी घरी ये, मेंढी कापू."

गाडीजवळ शेजारणीचा हात धरून बेगायिम उभी होती. जाझगुलने खाली बसून तिच्या कोटाची बटणे लावली. वरचे लावून झाल्यावर ते काढून पुन्हा लावले. सासू बघत होती, म्हणून पापा घेतला नाही.

"वहिनी, तूपण चल ना आमच्याबरोबर," मुलगी म्हणाली.

"गाडीत जागा नाही गं."

"मी मांडीवर बसते की तुझ्या."

चोरोने दार उघडले. गाडी वळून गेल्यावरही जाझगुल तशीच बसून राहिली. एर्मेक तिच्याजवळ गेला. काहीतरी बोलायला हवे होते, पण वकिलाला सुचतात तेवढेच शब्द त्याला सुचत होते.

"वरच्या कोर्टात दाद मागता येईल तुम्हाला."

ती उठली आणि गुडघ्यांवरची माती झटकू लागली.

"एक विचारू, भाऊ? तुमच्या आईनं कधी मागितलं नाही तुम्हाला?"

"नाही," एर्मेक म्हणाला. "कधीच नाही."

तिने मान हलवली. त्याच्याबद्दल तिला वाईट वाटले असावे. मग रुमाल आवळून ती बसस्थानकाकडे निघाली.

तो पायरीवर बसला. त्याला आठवला तो शाळेत नाव घालायच्या आधीचा उन्हाळा. दुपारची वेळ. फाटक वाजले, आणि आजीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला: पोर झोपलंय, आता नको, मोठं झाल्यावर बघू. त्यानंतर दुसरा एक आवाज बराच वेळ येत राहिला, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. एर्मेकने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली होती. शेजारीण पीठ मागायला आली असेल, असे त्याने त्या दुपारी ठरवले, आणि पुढे इतकी वर्षे ते तसेच ठेवले.

तो झोपलेला नव्हता. फाटकात सोनुन उभी होती, आणि ती त्यालाच मागत होती.