पाच आडव्या रेघा

मित्रांनो, माझं टोपण हरवलंय, अंगावर हळदीचा डाग आहे, तरीही मी ऐटीत आहे! चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, एका टीव्हीच्या मागे राहणारा मी म्हातारा पेनड्राइव्ह.

माझ्या पोटात रुक्माआजींची चार गाणी आहेत. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला; आता तो फक्त माझ्याकडे उरलाय. आजी साठीनंतर प्रौढ वर्गात मराठी अक्षरं शिकल्या. म्हणून त्यांच्या नातीने, रेणूने, गाण्यांना मराठीतच नावं दिली: पाळणा, वंदना, जयंती, निरोप. टीव्हीवर बोट ठेवून आजी वाचायच्या आणि हवं ते गाणं स्वतः निवडायच्या. काय थाट होता माझा! शेजारच्या भागाबाई म्हणायच्या, "रुक्माबाईचा गळा डब्बीत बसला वो!"

पण अलीकडे मी फार तापू लागलो. तेव्हा नव्या पेनड्राइव्हवर गाणी उतरवायला रेणू मला बळीरामकाकांच्या दुकानात घेऊन गेली.

शी! तिथलं ते कॉपी करणारं जुनाट सॉफ्टवेअर! त्याला मराठी अक्षर ओळखता येईना. बरं, नाही येत तर सरळ सांगावं ना! ते नाही. अक्षर दिसलं की आडवी रेघ, काना, वेलांटी, अनुस्वार दिसला की आडवी रेघ. चारही नावांत अशी पाच-पाच चिन्हं, म्हणून चारही गाण्यांचं नाव एकच झालं: पाच रेघा.

"वायरस आहे बेटा," काका म्हणाले. "मराठीत नाव कावून देतेस? इंग्लिश में डालना था ना."

"मंग आजीनं वाचावं कसं?"

तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला, 'या नावाची फाइल आधीच आहे. बदलू?' काकांनी 'सगळ्यांना हो' दाबलं. नव्या पेनड्राइव्हमध्ये पाळण्यावर वंदना बसली, वंदनेवर जयंती, जयंतीवर निरोप. आणि वर हिरवी खूण: 'काम यशस्वी!' निर्लज्ज कुठलं!

"आता जुन्याले फॉरमॅट मारतो. कोरा करकरीत!" काकांचा हात माउसवर गेला. मित्रांनो, मला ओरडताही येत नाही.

रेणूची नजर नव्या पेनड्राइव्हच्या यादीवर होती. "काका, थांबा! चार गाणे होते, इथं एकच हाय!"

"सेम नाव होते ना, बदलवून टाकले. कचराच तं होता."

"कचरा? माह्या आजीचा गळा हाय तो!" तिने मला असं खेचून काढलं की माझी पाठ चिरली.

घरी टीव्हीवर चारही नावं उजळली. आजींनी 'पाळणा'वर बोट ठेवलं. गाणं सुरू झालं, आणि त्यांचे मुके ओठ शब्दाशब्दाला हलू लागले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी सॉफ्टवेअर लिहील. ज्याचं जे नाव, ते तसंच दाखवा. वाचता आलं नाही तर तसं सांगा, पण नाव मोडू नका. आणि एकावर दुसरं लिहिण्याआधी आत काय आहे ते बघा. तुम्हाला नुसत्या रेघा दिसतात. त्यांच्याखाली कुणीतरी गात असतं.