बुटाची नाडी

"आज वार कोणता?"

"मंगळवार. सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय, वकीलबाई. आपल्या दोघांत विसराळू कोण, ते एकदा ठरवू या."

वकीलबाई हसल्या नाहीत. मास्तरांच्या मुलाचा अर्ज त्यांच्यासमोर उघडा होता आणि कितीही वेळा वाचला तरी अंगाची लाही लाही होत होती. वडिलांना भलंबुरं कळेनासं झालं आहे, सबब त्यांचा कायदेशीर पालक म्हणून मला नेमावं. म्हणजे घर मुलाच्या हाती. आणि बापानं त्या घरात राहायचं की वृद्धाश्रमात, हेही मुलानंच ठरवायचं. घराला गिऱ्हाईक आलं होतं. मास्तर नाही म्हणाले होते. त्यानंतर महिन्याभरातच त्यांची बुद्धी गेली होती.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाचा पाय त्यांनीच क्लचवर बसवला होता, वकीलबाईंचाही. तेव्हा ते त्यांना अगं-तुगं करायचे. आता अशील म्हणून समोर बसल्यावर अहो-जाहो करत होते.

"गॅस चालू ठेवून बाहेर जातात, असं लिहिलंय."

"चहा मी कोपऱ्यावरच्या टपरीत पितो. गॅसला हात लावून वर्ष झालं."

"घरचा रस्ता सापडत नाही."

"त्याला शाळेचा कोणी दाखवला होता?"

"बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत."

यावर मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत वाकले, उजव्या बुटाची नाडी सोडली, पुन्हा ओढून बांधली आणि वर आणखी एक गाठ मारली. मग पाय उचलून दाखवला. धाप लागली होती, पण गाठ अशी बसली होती की सोडवणाऱ्यानं नखांची आशा सोडावी.

वकीलबाई इथंच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण इतकी वर्षं असल्याच मुलांचे अर्ज त्यांच्या टेबलावरून गेले होते. आईला वेडी ठरवणारे, बहिणीला बेपत्ता ठरवणारे, बापाचा अंगठा झोपेत उठवून घेणारे. आवाजात मध आणि हातात कागद. एकालाही कधी धडा शिकवता आला नव्हता.

"हे सगळं त्यानं शपथेवर लिहिलंय, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त सरळ उत्तरं द्या. आज अर्ज फेटाळला जातो आणि उद्या मी त्याच्यावर खोट्या शपथेचा खटला लावते. सरकारी नोकरी आहे ना? ती तर जाईलच. आत टाकते त्याला."

मास्तरांनी पाय खाली ठेवला. "आत म्हणजे?"

"तुरुंगात."

"असं," मास्तर म्हणाले. थोड्या वेळानं उठले. "चला, उशीर नको."

न्यायाधीश वयानं लहान आणि बोलायला मऊ होते. मुलानं अर्जाला जोडलेला डॉक्टरांचा दाखला त्यांनी वाचला होता. तरी मास्तरांना जवळ बोलावून खुर्ची दिली.

"आजोबा, आज वार कोणता?"

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. "रविवार."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"घरी कोण कोण असतं?"

"बायको असते. जेवायला उशीर झाला की बोलते."

मास्तरांची बायको वारल्यावर वारसाचे कागद वकीलबाईंनीच केले होते. त्या उठल्या. "साहेब, माझे अशील घाबरलेत. पाच मिनिटं द्या."

"मी विचारतोय ना, बाई. बसा." न्यायाधीशांनी मुलाकडे बोट केलं. "आजोबा, हे कोण?"

"माझा मुलगा," मास्तर ताबडतोब म्हणाले. "गुणी आहे. माझं सगळं तोच बघतो. खोटं म्हणून बोलायचा नाही."

मुलानं रुमाल डोळ्यांना लावला. न्यायाधीश खाली मान घालून मुलाला पालक नेमल्याचा हुकूम सांगू लागले.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी मास्तरांचा दंड धरला आणि त्यांना भिंतीकडच्या बाकावर जवळजवळ आदळलं.

"वार कोणता आज?"

"मंगळवार."

"मग आत काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणालात, आत टाकते."

"ते मी रागात बोलले. मला नको म्हणायचं होतंत तुम्ही."

"थांबला असतात तुम्ही?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना ते म्हणता आलं नाही.

"तो तुम्हाला विकून खाईल, मास्तर."

"घर विकेल. मला कोण घेतंय?"

"चेष्टा करू नका. आपण अपील करू. हुकूम फिरवता येतो. एक सही द्या मला, आत्ता."

"माझी सही आता चालते का?" मास्तरांनी खरोखरच विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता आणि त्यामुळे वकीलबाईंच्या कानशिलांत आणखी रक्त चढलं. या मुलाची, त्या रुमालाची, या म्हाताऱ्याची आणि स्वतःच्या जिभेची अशी चीड एकदम आली की कोणावर ओरडावं तेच कळेना.

"तू तेव्हाही अशीच होतीस," मास्तर म्हणाले. "गियर पडायच्या आधी वेग."

जिन्याच्या बाजूनं मुलगा येताना दिसला. हातात पाण्याची बाटली होती. मास्तरांनी त्याला पाहिलं. मग ते वाकले आणि उजव्या बुटाची सकाळची गाठ नखानं उकरू लागले. ती लवकर सुटेना. दात ओठांवर दाबून त्यांनी एक गाठ सोडली, मग दुसरी, आणि नाडी फरशीवर मोकळी टाकून सरळ बसले.

"बाबा, चला," मुलगा म्हणाला. त्याची नजर खाली गेली. तो गुडघ्यावर बसला, बापाचा पाय मांडीवर घेतला. "बघा मॅडम. हेच सांगत होतो मी. तुम्हाला खोटं वाटत होतं."

वकीलबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मुलाच्या डोक्यावरच्या विरळ झालेल्या केसांकडे पाहत होते.

मुलानं घाईघाईत एकच सैल गाठ मारली आणि बापाला हात देऊन उठवलं. जिन्यापर्यंत पोचता पोचता ती सुटली. वकीलबाईंना ती नाडी फरशीवरून फरपटताना दिसली. पहिल्या पायरीशी मास्तर थांबले. ते वाकले नाहीत, काही बोललेही नाहीत. मुलाच्या ध्यानात येईपर्यंत कठड्याला धरून तसेच उभे राहिले.