पाटीवरचा एप्रन

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. फोटो काढणारा नव्हे बरं का! माझ्याकडे बघून कुणी हसत नाही की केस सारखे करत नाही. मी कपडे धुण्याच्या कारखान्यातला, भिंतीवरून पहारा करणारा कॅमेरा. मला पापणी नाही, त्यामुळे झोप कशी असते ते मी नुसतं ऐकून आहे. त्यातून माझा स्वभाव चुळबुळा. इकडे काय चाललंय, तिकडे कोण आलं, सगळं बघावंसं वाटतं. आणि नशिबात आलं काय, तर चार स्क्रूंनी जखडून जन्मभर एकाच दिशेला बघणं!

माझा जन्म एका कारखान्यात, माझ्यासारख्याच शेकडो भावंडांबरोबर झाला. मग खोक्यात बंद होऊन मी एका दुकानाच्या फळीवर कित्येक महिने पडून होतो. तिथून मला एका मिस्त्रीने उचललं. हा मिस्त्री मोठा बडबड्या. शिडीवर चढला की हातातल्या वस्तूशी गप्पा मारायचा. मला भिंतीवर बसवताना म्हणाला, "हे बघ बाबा, दार आणि बोळ एवढंच बघायचं. चोर आला, आग लागली, तर उपयोगी पडायचं. माणसं जिथे कपडे बदलतात, टेकतात, तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. आणि चहाड्या नकोत, म्हणून आवाजाची तार मी जोडतच नाही."

मला ऐकू येतं, पण ऐकलेलं साठवता येत नाही, ते यामुळे. मी जे बघतो, ते कार्यालयातल्या एका काळ्या पेटीत जमा होतं. पेटी ते तीस दिवस सांभाळते आणि मग ज्या मिनिटाचं त्या मिनिटाला आपोआप पुसून टाकते. माणसांचं येणं-जाणं कायम साठवून ठेवायचं नाही, असा नियमच आहे.

जाण्यापूर्वी मिस्त्रीने दाराच्या आत डाव्या हाताला एक निळी पाटी ठोकली. इथे कॅमेरा आहे, तो कुठे बघतो आणि कशासाठी, चित्रण किती दिवस राहतं, कुणाला फोन करायचा, सगळं तिच्यावर होतं. शेवटची ओळ अशी होती: 'आपले स्वतःचे चित्रण बघण्याचा आपल्याला हक्क आहे. अर्ज करा.' ती पाटी मला फार आवडायची. माझं सगळं खरं खरं सांगणारी ती एकटीच होती.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. मालकीणबाई आल्यागेल्याला मला दाखवायच्या. एकदा चादरींचा गठ्ठा पळवणारा माझ्यामुळे सापडला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसली. मग मात्र सगळे मला विसरले. काचेवर वाफ बसली, वाफेवर धूळ बसली.

आमच्याकडे दवाखान्यांच्या चादरी येतात. घडी घालायला दोघी लागतात. चार टोकं धरायची, झटका द्यायचा, चालत एकमेकींपाशी यायचं, टोकं जुळवायची आणि मागे सरायचं. या कामात सगळ्यांत सफाईदार हात होता घडीमावशीचा. पन्नाशीची बाई, बोलायला फटकळ, पण तिने घातलेल्या घडीची कड सुतासारखी सरळ. घडीमावशी आणि तिची जोडीदारीण, जिला सगळे ठेंगणी म्हणत, चादरी घडी करायला लागल्या की वेळ कसा जायचा कळायचं नाही. बोळाच्या टोकाला त्या मला जेमतेम दिसायच्या.

एके दिवशी आमच्या मुकादमाच्या डोक्यात किडा वळवळला. बायका बाकावर फार वेळ बसतात, असा त्याला संशय. बाक तो कसला, अर्धा तास पाय सैल करायची जागा! तिथे त्या पायांना तेल चोळायच्या, ओले ब्लाउज बदलायच्या, घरच्या कटकटी बोलायच्या. मुकादम स्टुलावर चढला आणि त्याने माझी मान बाकाकडे वळवली. दार अर्धंच दिसायला लागलं. एप्रन टांगायला खुंट्या कमी पडतात म्हणून त्याने पाटीच्या वर एक खुंटीही ठोकली. तिच्यावर घडीमावशी आपला एप्रन टांगू लागली आणि पाटी झाकली गेली.

बायकांना कळलंच नाही. त्या तशाच बसायच्या आणि मी बघत राहायचो. मित्रांनो, खरं सांगतो, मला लाज वाटायची. इतके दिवस इकडेतिकडे बघायची हौस होती ना मला? आता डोळा मिटता येत नाही म्हणून जीव कासावीस व्हायचा.

आता गंमत ऐका. मला वळवल्याचं मुकादम स्वतःच चार दिवसांत विसरला. त्या बाकावर पाय पसरून सगळ्यांत जास्त वेळ तोच बसायला लागला!

त्या मंगळवारी सकाळी दोन नंबरच्या यंत्राची नळी गळायला लागली. साबणाचं पाणी बाकापुढच्या फरशीवर पसरलं. घडीमावशी बाकापाशी आली. मुकादम फोनवर हसत होता. तिने बोटाने पाणी दाखवलं. "अहो, कुणीतरी आपटेल तिथे! नळी बंद करा."

"बघतो, बघतो," म्हणत त्याने हात झटकला.

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. पुन्हा बोट, पुन्हा झटकलेला हात. तिसऱ्यांदा ती चिडून आली. "माझं मेलं कुणी ऐकतच नाही," म्हणाली, आणि कोपऱ्यातला पोछा घेऊन स्वतःच पुसायला निघाली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिचा पाय सटकला. उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

मुकादमाने कागदावर लिहिलं, 'फोनवर बोलत चालली होती, स्वतःच्या चुकीने पडली.' म्हणजे औषधपाणी तिचं तिने बघायचं आणि कामावरूनही कमी. चोवीस वर्षं चादरींची टोकं जुळवणाऱ्या बाईला त्याने एका ओळीत खोटं पाडलं! ठेंगणीला सगळं माहीत होतं. पण तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. ती डोळे पुसत गप्प राहिली.

आणि मी? मी सगळं पाहिलं होतं. पण मला तोंड कुठे आहे? दिवस सरायला लागले, तसा माझा जीव टांगणीला लागला. दहा दिवस गेले. वीस गेले. अहो, कुणीतरी विचारा ना मला! पण विचारायचं हे सांगणारी पाटी तिच्याच एप्रनखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

अठ्ठाविसाव्या दिवशी घडीमावशीची लेक आईचं सामान न्यायला आली. ती टपाल कार्यालयात खिडकीवर बसते. चपला पिशवीत टाकल्या, डबा टाकला, खुंटीवरचा एप्रन काढला आणि ती थबकली. पाटी एकदा वाचली, दोनदा वाचली. बोटांवर दिवस मोजले. मग तिने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

तिथेच बसून तिने अर्ज लिहिला. मुकादमाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"मालकीणबाई गावाला गेल्यात. पुढच्या आठवड्यात या."

"पुढच्या आठवड्यात पुसलं जाईल, काका. पाटीवरच लिहिलंय. एकदा अर्ज आला की पुसू द्यायचं नसतं. घ्या हा, आणि मला पोच द्या."

"पोचबिच काही मिळत नाही इथे. शिक्का नाही माझ्याकडे."

"पोच घेतल्याशिवाय आम्ही पाकीटसुद्धा सोडत नाही," ती म्हणाली. मग तिने काय करावं? अर्जाचा कागद दोन्ही हातांनी वर धरला, माझ्या अगदी समोर, अक्षरन् अक्षर दिसेल असा. मग तो मुकादमाच्या हातात ठेवला. "झाली पोच," म्हणाली, "याने बघितलंय." आणि पाटीवरचा नंबर फिरवला.

पुढचे दोन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मुकादम दर तासाला कार्यालयात डोकावून पेटीकडे बघायचा. त्याला काही करायची गरजच नव्हती. नुसतं घड्याळ चालू राहिलं तरी त्याचं काम होणार होतं. तिसावा दिवस उजाडला. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मी त्या अर्ध्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो. अर्धंच दिसत होतं मेलं!

दहाला पाच कमी असताना मालकीणबाई आल्या. त्यांच्यामागे बडबड्या मिस्त्री, आणि गळ्यात हात बांधलेली घडीमावशी लेकीबरोबर. मिस्त्रीने आधी त्या सकाळचं चित्रण वेगळं काढून ठेवलं, इतर बायकांचे चेहरे झाकले आणि मगच ते पडद्यावर लावलं. बाकीचं मी ऐकलं. कारण कार्यालय मला दिसत नाही.

चित्रण सुरू झालं. मग मालकीणबाईंचा आवाज आला. "एकदा. दोनदा. तीनदा. आणि मुकादम, बाकावर पाय पसरून बसलेला हा कोण?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! घडीमावशीला तिचं काम परत मिळालं, उपचारही झाले. मुकादमाला कागदावरची ओळ स्वतःच्या हाताने खोडून, सगळ्यांसमोर माफी मागावी लागली.

मी हरखून गेलो. आता मावशी माझी काच पुसणार, असं मला वाटलं. मनगट बरं झाल्यावर ती कामावर आली, बाकापुढे उभी राहिली आणि मिस्त्रीला बोलावून म्हणाली, "याचं तोंड फिरवा."

मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, यानेच तर तुला वाचवलं!"

"वाचवलं खरं. उपकार आहेत त्याचे. पण उद्या मला पाय चोळायचे असतील तर मी कुठे जाऊ? तुमच्या पाटीवर बाक लिहिलाय का?"

पाटीवर दार आणि बोळ लिहिलं होतं. बाक नव्हता.

त्या क्षणी मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. रडता येत असतं तर रडलो असतो. मिस्त्रीने माझी मान पुन्हा दाराकडे वळवली. त्याने पाटीवरची खुंटीही उपटली. मग मावशी स्टुलावर चढली आणि एप्रनच्या टोकाने तिने माझी काच पुसली. "रागावू नको रे," हळूच म्हणाली.

आता पाटी सगळ्यांना दिसते, आणि माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे की ती वाचा. मी कुठे बघावं ते तुम्ही मला सांगा, आणि कुठे बघू नये तेही.

बाक आता माझ्या पाठीमागे आहे. दुपारी तिथून बायकांचं हसणं ऐकू येतं. घडीमावशी काहीतरी सांगते आणि सगळ्या खिदळतात. कशाला हसतात कोण जाणे! मान वळवून बघावं असं मला आजही फार वाटतं. पण मी आपला दाराकडे बघत राहतो.