नऊचे राहून गेलेले वळण

माझ्या चिठ्ठीवरचा आकडा जेमतेम दोन मिलिमीटर उंच आहे. तो नऊ आहे. पण त्याचे शेवटचे वळण घाईत राहून गेले, म्हणून तो एक वाटतो.

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची कुपी आहे, तुमच्या करंगळीएवढी. अतिथंड कपाटात राहते. माझ्या पोटात झाडांची खोडे पोखरणारी बुरशी झोपली आहे. संशोधन करणाऱ्या मॅडमनी ती संस्थेच्या फाटकाजवळच्या आजारी झाडातून आणली. तो नमुना नववा. पहिला होता रोपवाटिका चालवणाऱ्या काकांकडचा.

मॅडमनी प्रत्येक कुपीतल्या बुरशीचा जनुकसंच अक्षर न् अक्षर वाचला आणि तिची वंशावळ मांडली. सर्वांत जुने घराणे माझे निघाले, म्हणजे रोगाची सुरुवात माझ्या झाडापासून. किती कौतुक झाले! मीही फुगले. पण माझ्या नावापुढे 'एक' लिहिले गेले आणि खऱ्या एकाला उरलेला नऊ मिळाला. रोग रोपवाटिकेतून पसरला, असा मॅडमचा शोधनिबंध छापून आला. काकांची सगळी रोपे जाळली गेली. त्या दिवसापासून मला माझ्या चिठ्ठीची लाज वाटते.

वर्षाने काचसामान धुणाऱ्या मावशींनी माझ्यावरचा बर्फ पुसला.

"मॅडम, हा नऊच ना? तुमचा नऊ ओळखायलासुद्धा सूक्ष्मदर्शक लागतो बाई!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जुनी वही काढून आकडा ताडून पाहिला आणि वही मिटली. पुढे दोन महिने त्या रोज कपाट उघडत, माझ्याकडे बघत आणि दार लावून घेत.

"काही हवंय का?" मावशी विचारत.

"नाही, राहू दे."

मित्रांनो, आकडा पूर्ण काढत जा. आणि चुकलाच, तर माझ्यासारखे थंडीत लपून राहू नका.

आज मॅडमनी मला बर्फाच्या डब्यात घालून टेबलावर ठेवले होते, तेवढ्यात काका स्वतःच आले. हातात एक नवे रोप होते.

"ताई, एवढं तपासून द्या. चांगलं निघालं तर तसं कागदावर लिहा. नात विचारते, आजोबा, आपणच झाडं मारली का?"

मॅडमनी रोप घेतले. मग माझी चिठ्ठी काकांकडे वळवली.

"बसा, काका. तुमच्या रोपांचा दोष नव्हता. रोग आमच्या फाटकाजवळच्या झाडातून तुमच्याकडे गेला. आकडा मी चुकले, आणि दोन महिने गप्प बसले. तो निबंध मी आजच मागे घेतेय."