निंबळवाडीचा पॉझिटिव्ह वळू

समोरचा माणूस आपली वस्तू का विकतोय, हे विचारणं दौलतरावांना कमीपणाचं वाटे. दूध सोसायटीच्या चेअरमननं चौकश्या करत बसायचं, तर मग चेअरमन होऊन मिळवलं काय? म्हणून एकोणऐंशी सालच्या माघात पुण्यापलीकडचा एक खासगी गोठा बंद पडला आणि तिथल्या जनावरांचा लिलाव निघाला, तेव्हा त्यांनी तिथला काळापांढरा वळू पहिल्याच बोलीत घेतला. दुसरं कोणी बोलीच लावेना. दौलतरावांनी त्याचा अर्थ असा घेतला, की लोक आपल्याला दबून आहेत.

वळू ट्रकमधून निंबळवाडीत आला तेव्हा वेशीवर ताशा वाजत होता. जनावर होतं मात्र दांडगं. पिंपरी-भोसरीला शिफ्टला जाणाऱ्या पोरांनी तिथल्या तिथं त्याचं नाव 'इंजीन' ठेवलं. म्हातारा भिवा धनगर तेवढा वळूला मागून पुढून बघत राहिला. त्याचा जन्म ढोरामेंढरांत गेलेला.

"चेअरमन," तो म्हणाला, "ह्ये मागं एका अंगानं सुजल्यालं दिसतंय. डावं बगा, उजव्याच्या दुप्पट हाय."

"सुजलंय?" दौलतराव हसले. "आरं, दम हाय त्यो! तुज्या मेंढ्यांत कुटं बघितला असशील असला दम?"

सगळे हसले.

वळूबरोबर इंग्रजीत टाइप केलेला एक कागद मिळाला होता. दौलतरावांनी तो शाळेच्या गुरुजींपुढे धरला. गुरुजींना त्यातल्या बऱ्याच शब्दांनी दाद दिली नाही, पण शेवटचा शब्द त्यांना ओळखू आला.

"पॉझिटिव्ह," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"होकारार्थी. निगेटिव्ह म्हणजे नाही, पॉझिटिव्ह म्हणजे होय."

"म्हंजी पास!" दौलतरावांनी मांडीवर थाप मारली.

कागदाला काच बसली, चौकट बसली आणि तो सोसायटीच्या कचेरीत गणपतीच्या शेजारी लागला. दूध घालायला येणारा माणूस आधी गणपतीला हात जोडी, मग कागदाकडे बघे. चाकणच्या बैलबाजारात निंबळवाडीचे लोक दुसऱ्या गावांना हिणवू लागले, "आमचा वळू पॉझिटिव्ह हाय. तुमचा हाय का?" बाकीच्यांना मान खाली घालावी लागे.

मग सोसायटीनं ठराव केला. गावातल्या कुठल्याही सभासदानं आपली गाय दुसरीकडे दाखवायची नाही, माजावर आली की इंजीनकडेच आणायची. दौलतराव रोज सकाळी धोतराचा सोगा धरून गोठ्याच्या दारात उभे राहत आणि आलेल्या प्रत्येक गाईचं स्वागत असं करीत, जणू ती त्यांच्या घरी नांदायलाच आली आहे.

एकच गाय आली नाही. ती होती खातूनबीची. खातूनबी ओढ्यापलीकडे एकटी राहायची. नवऱ्याचं सायकलचं दुकान त्याच्याबरोबर संपलं, तेव्हापासून एका गाईवर तिचं चाललं होतं. गाय अंगानं लहान. तिला घेऊन ती सरळ चाकणच्या सरकारी दवाखान्याची वाट चालू लागली. तिथे वळूशिवाय, नळीनं गाय गाभण करायची सोय होती. दौलतरावांनी तिला वेशीवरच अडवलं.

"खातूनबी, घरचा वळू सोडून सरकारच्या दारात? तिथं बैलसुद्धा नसतोय म्हनं, नुसती बाटली आसती."

"चेअरमनसायेब, तुमचा वळू म्हंजे ट्रक हाय. माज्या गाईचं कंबरडं मोडलं तर तुमी दूध देनार का?"

मागे उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दौलतरावांनी ते हसणं लक्षात ठेवलं. विसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, शिकणंही नव्हतं.

श्रावण उलटला आणि पहिली गाय गाभडली ती शालनबाईची. सातवा महिना सुरू होता. शालनबाईनं पांढरं पडलेलं वासरू फडक्यात गुंडाळून ओढ्याच्या काठी नेलं, तेव्हा तिला रडताही येईना. पंधरवड्यात आणखी चार गेल्या, मग सहा. वासरामागून पडायची वार पडेना, गाई वाळू लागल्या. लोकांनी मेलेली वासरं ओढ्यात टाकली, ती कुत्र्यांनी गावभर ओढली.

दौलतरावांकडे प्रत्येक गाईसाठी कारण तयार होतं. शालनबाईच्या गाईला चारा कमी पडला. खंडूच्या गाईला खंडूनंच मारलं असणार. तिसरीला कंपन्यांचा धूर लागला. धूर पिंपरीहून निघून मधली सगळी गावं टाळून निंबळवाडीतच कसा उतरला, हे त्यांना कोणी विचारलं नाही. अखेर त्यांच्या स्वतःच्या दावणीची गाय गाभडली. तिची वार अडकली होती. गडी कचरताना बघून दौलतरावांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढली. नंतर हात धोतराला पुसले, चरवीतलं धारोष्ण दूध नेहमीप्रमाणे उभ्यानंच प्यायले आणि म्हणाले, "चेअरमननं हे बी केलं पायजे!"

"आंघोळ तरी करा," यशोदाबाई, त्यांची बायको, म्हणाली.

"रोजची झाली की सकाळी."

दसऱ्याच्या आधी मारुतीच्या देवळात सभा भरली. दौलतराव उभे राहिले.

"गावातल्या एकोनीस गाई गाभडल्या. फकस्त एक टिकली. ती कुनाची, त्ये मी सांगनार न्हाई. मी कुनाचं नाव घेनारा मानूस न्हाई. पर ओढ्यापल्याडनं नजर येती, येवढं खरं."

सगळ्यांच्या माना ओढ्याकडे वळल्या. खातूनबी देवळाच्या पायरीखाली उभीच होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली होती.

"माजी नजर लागत आसती," ती म्हणाली, "तर पयली तुमाला लागली आसती, चेअरमन. तुमी तर दिवसेंदिवस फुगतच चाललाय."

कोणी हसलं नाही. एकोणीस घरांचं दूध आटलं होतं, हसणार कोण? ठराव झाला, की खातूनबीनं गाय पाणवठ्यावर आणायची नाही आणि गावच्या गाईंत चारायची नाही. शालनबाईनंही मान हलवली. खातूनबी त्या दिवसापासून घागरीनं पाणी वाहू लागली आणि गाय परड्यात बांधून ठेवू लागली. त्या ठरावामुळेच तिची गाय रोगापासून लांब राहिली. निंबळवाडी सोसायटीनं आजवर केलेला तेवढाच एक उपयोगी ठराव.

दिवाळीच्या आधी चाकणच्या दवाखान्यातला ज्योतीराम सायकलवरून आला. तो मूळचा मराठवाड्यातला, हुद्द्यानं लहान, पण गाई तपासायचा तो जीव लावून. खातूनबीच्या गाईचे दिवस भरत आले होते, ती बघायला तो आला होता. वाटेत गावची हकिगत ऐकली आणि सायकल फिरवून तो थेट सोसायटीच्या कचेरीत शिरला.

"चेअरमनसाहेब, ह्यो साथीचा रोग दिसायलाय. गाईंचं रक्त घ्यावं लागंल. आन वळूचं बी."

"वळूचं?" दौलतरावांनी भिंतीकडे बोट केलं. "त्याचं सर्टिफिकीट हाय. वाचा."

ज्योतीरामनं वाचलं. मग चौकट खिळ्यावरून काढून खिडकीशी नेली आणि पुन्हा वाचलं.

"हे कुणी लावलं भिंतीला?"

"मीच. का?"

"साहेब, ही रोगाची तपासणी हाय. पॉझिटिव्ह म्हणजे रोग हाय, असं लिवलंय हितं. ज्या रोगानं गाई गाभडतात, त्योच. म्हणून तर लिलावात काढला आसंल त्याला."

कचेरीत दोघंच होते. दौलतरावांनी आधी दार लावलं. त्यांना गाई आठवल्या नाहीत. त्यांना वेशीवरचा ताशा आठवला.

"ज्योतीराम," ते शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, "इंग्रजीत त्याचा अर्थ काय बी आसंल. आपल्या मराठीत पॉझिटिव्ह म्हंजी चांगलंच न्हवं?"

"गाईला इंग्रजी बी येत न्हाई आन मराठी बी, साहेब."

"माघात निवडनूक हाय सोसायटीची. तवर गप ऱ्हावा. मग बघू."

"आन तवर वळू?"

"त्यो काय, बांधून ठिवतो की."

इंजीन बांधून ठेवला खरा, पण ज्यांच्या गाई पुन्हा माजावर आल्या त्यांनी आणल्याच, आणि दौलतरावांना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. ज्योतीरामनं वर अर्ज केला. अर्ज वरच राहिला.

दिवाळीनंतर दौलतरावांना ताप येऊ लागला. संध्याकाळी चढे, पहाटे घामानं अंथरूण भिजवून उतरे. दोन दिवस बरं वाटे, मग पुन्हा चालू. कंबर धरली, गुडघे धरले. राजगुरुनगरच्या डॉक्टरनं आधी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, मग विषमज्वराच्या. अशक्तपणा जावा म्हणून दौलतराव एका तांब्याऐवजी दोन तांबे कच्चं दूध पिऊ लागले. आणि एके दिवशी त्यांना चालता येईना. डाव्या अंगाला सूज आली होती, आणि ती अशा जागी, की कोणाला दाखवायचीही चोरी.

ते पाय फाकवून कचेरीत जाऊ लागले. विचारलं तर म्हणत, "मूतखडा हाय." पण भिवा धनगर रस्त्याच्या कडेला बसून त्यांना मागून पुढून बघत राहिला, तेव्हा दौलतरावांना त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. खातूनबीची नजर खरंच लागली असावी, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी यशोदाबाईकडून मीठमोहऱ्या उतरवून घेतल्या. सूज उतरली नाही.

यशोदाबाईनं त्यांना एसटीत घालून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर तपासता तपासता विचारत गेला.

"दुधाचा धंदा आहे?"

"हाय."

"दूध कच्चं पिता?"

"लहानपनापास्नं."

"गाभडलेल्या गाईला हात लावला होता?"

दौलतरावांनी बायकोकडे पाहिलं. "तुमी डॉक्टर हाय का जोतिषी?"

डॉक्टरनं रक्त घेतलं. चार दिवसांनी कागद आला. दौलतरावांना इंग्रजी येत नव्हतं, पण शेवटचा शब्द त्यांना आता वाचता येत होता.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाला. "सहा आठवडे गोळ्या, इंजेक्शनं. बरे व्हाल. पण हा रोग जनावरांचा आहे. गोठ्यात कुणाला असलं काही झालंय का?"

"वळूला हाय," यशोदाबाई म्हणाली. "तितंच. डावीकडंच."

परतीच्या एसटीत ती एक शब्द बोलली नाही. दौलतरावांना वाटलं, बाईमाणूस आहे, भ्यायली असेल. दुसऱ्या दिवशी ते इंजेक्शन घेऊन पालथे पडले होते, तेव्हा ती एकटीच चाकणला गेली, ज्योतीरामला बरोबर घेऊन त्याच्या साहेबाच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माजा मालक ह्यानं पडलाय. आता आनि कोन पडायला पायजे तुमाला?"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सरकारी गाडी आली. इंजीन निमूटपणे चढला. बिचाऱ्यानं कोणाचं मुद्दाम काही वाईट केलं नव्हतं, ज्याच्यासाठी आणलं तेच काम इमानदारीनं केलं होतं. दौलतरावांनी अंथरुणातून ओरडून विचारलं, "कुटं नेताय? कुनाच्या परवानगीनं?"

"माज्या," यशोदाबाई दारातून म्हणाली.

मग ती घरोघर गेली. दूध उकळून प्या, वार उघड्या हातानं काढू नका, पडलेलं वासरू चुना घालून खोल पुरा, असं ज्योतीरामनं सांगितलेलं सगळं तिनं बायकांना सांगितलं. कशावरून म्हणून विचारलं, तर नवऱ्याचं काय झालंय तेही सांगितलं. नेमकं कुठे, तेही. त्या दिवसापासून निंबळवाडीत दूध उतू जाईपर्यंत उकळू लागलं. शेवटी ती ओढा ओलांडून खातूनबीकडे गेली. तिची गाय आठच दिवसांपूर्वी व्याली होती, कालवड झाली होती. दोघी परड्यात बराच वेळ बसल्या. काय बोलल्या ते कोणाला कळलं नाही, पण यशोदाबाई येताना चिकाचं भांडं घेऊन आली, आणि तो चीक तिनं चांगला वाफवून मग वाढला.

माघात निवडणूक झाली. दौलतराव बिनविरोध निवडून आले, कारण उरलेली सोसायटी चालवायची कोणाची इच्छा नव्हती. भाषणात ते म्हणाले, "रोगाचा पुरावा मिळंना, तवा मी सवताच्या देहावर परयोग केला." टाळ्या पडल्या. गुरुजींनी शाल घातली. पाणवठ्याचा ठराव रद्द केल्याचं जाहीर झालं, तो केला कोणी होता याचा उल्लेख झाला नाही.

रोग काही गावातून लगेच गेला नाही. दोन-चार गाई त्यानंतरही गाभडल्या, काही पुन्हा गाभण गेल्याच नाहीत. पण पाडव्याच्या आगेमागे ज्यांच्या गाई माजावर आल्या, त्या बायका एका सकाळी ओढ्यापलीकडे जमल्या. शालनबाई सगळ्यांत मागे होती. तिनं पुढे होऊन खातूनबीला विचारलं, "माजी बी न्हेशील का तुज्यासंगं?"

खातूनबीनं तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "वाट काय माजी एकटीची हाय का? चल."

पाच गाई आणि खातूनबी धरून सहा बाया चाकणच्या वाटेला लागल्या. वेशीवर दौलतराव काठी टेकून उभे होते, अजून थोडे फाकूनच. त्यांनी मंत्र्यासारखा हात वर केला.

"जावा, जावा! मीच म्हनत हुतो, सुधारना झाली पायजे. दवाखान्यात माजं नाव सांगा, लवकर नंबर लागंल."

"नगं, चेअरमन," खातूनबी न थांबता म्हणाली. "तुमचं नाव सांगितलं तर पयलं आमचंच रक्त तपासतील."